अडून बसलेली घोडी – आर्वी तालुक्यातील एका प्रकरणाचा अभ्यास

वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांच्या खेड्यांमध्ये मी घोडेस्वारी शिकवते आणि ज्यांच्या दारात घोडे आहेत त्यांना त्यांच्या निगेविषयी मार्गदर्शन करते. माझा स्वतःचा तबेला नाही. घोडा मालकाचा, जागाही मालकाची, आणि ठरलेल्या दिवशी खरारा, खूर साफ करण्याचा आकडा, थर्मामीटर आणि शिंप्याचा टेप घेऊन मी गाडीवर तिथे पोहोचायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. महाविद्यालयात असताना एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी (घोडे आणि पशुवैद्यक) पथकात जे शिकायला मिळाले त्यावर हा व्यवसाय उभा आहे. मी पशुवैद्य नाही, ही गोष्ट पुढील प्रकरणात अनेकदा महत्त्वाची ठरली, म्हणून ती सुरुवातीलाच नोंदवून ठेवते. हे प्रकरण मालकांच्या संमतीने लिहीत आहे. त्यांचे नाव आणि गाव दिलेले नाही.

तक्रार

मालक कपाशी, सोयाबीन आणि तूर घेणारे शेतकरी आहेत. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या बाजारातून त्यांनी सात वर्षांची कुमैत (तांबूस-तपकिरी) रंगाची, मारवाडी वळणाची घोडी आणली. तिच्याकडून दोन अपेक्षा होत्या. लग्नसराईत ती वरातीला भाड्याने द्यायची, म्हणजे तिचा खर्च तिच्याच कमाईतून निघेल, आणि नववी पास झालेल्या मुलीला तिच्यावर स्वारी शिकवायची. वरातीचे काम पुतण्याकडे होते. फेब्रुवारी ते मे या काळात घोडी एकोणीस वरातींना गेली. मेअखेरच्या वरातीत ती डांबरी रस्त्यावर मध्येच थांबली आणि चाबूक खाऊनही पुढे सरकली नाही. त्यानंतर खोगीर दिसले की ती कान पाडून दात दाखवू लागली. पुतण्याने तिच्यासाठी काटेरी कडियाळ (लगामाचा तोंडात बसणारा लोखंडी भाग) आणून ठेवले होते, पण ते घालण्याआधी कोणाला तरी विचारावे असे मुलीच्या आईला वाटले, आणि म्हणून मला फोन आला.

"घोडी माजली ताई," मालक म्हणाले. "खायले भरपूर, अन् काम नाही ना आता तिले. तुम्ही एकदा बसून तं पाहा."

महिन्याला बारा तास शिकवणी आणि तासाला पाचशे रुपये असे बोलणे फोनवरच झाले. दोन तासांत घोडी ताळ्यावर आणावी आणि मग मुलीला शिकवायला घ्यावे, अशी त्यांची कल्पना होती. मीही त्या वेळी ती नाकारली नाही.

पहिली भेट

मृग लागायला दोन दिवस होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास मी पोहोचले तेव्हा घोडी कडुनिंबाखाली उभी होती. पुढचे दोन्ही पाय नेहमीपेक्षा पुढे टाकलेले, मागचे पाय पोटाखाली ओढलेले आणि शरीराचा सगळा भार मागे गेलेला, अशी तिची उभी राहण्याची पद्धत होती. मला ते दिसले होते. पण अंगणात शेजारपाजारचे पंधरा-वीस लोक जमले होते, खोगीर कसून तयार होते, सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मी आधी बसले.

सरळ रेषेत ती आखूड, चाचपडणारी पावले टाकत चालली. डावीकडे वळवताच थांबली, मान वर झटकली आणि मागच्या पायांवर बसायला लागली. मी टाच दिली. पुन्हा वळवले, पुन्हा तेच झाले. अशी दहा मिनिटे मी तिच्यावर काढली आणि त्या दहा मिनिटांचे मला आजही वाईट वाटते, कारण मला जे कळायला हवे होते ते तिने जमिनीवर उभी असतानाच सांगून ठेवले होते.

खाली उतरून मी तिचा उजवा पुढचा पाय उचलायला गेले, तर ती तो देईना. हाच खरा धागा ठरला. एक पुढचा पाय उचलला की दुसऱ्या पुढच्या पायावर जवळजवळ दुप्पट भार येतो. तो पायही दुखत असेल तर जनावर पहिला पाय उचलू देत नाही. ज्याला घरचे लोक हट्ट म्हणत होते त्याचा उलगडा इथे होत होता. मग मी चारही खुरांना तळहात लावून पाहिला. जूनमधल्या वर्ध्यात उन्हातले खूर गरमच लागतात, त्यामुळे केवळ गरमपणावरून काही ठरवता येत नाही. परंतु चारही पाय दुपारपासून एकाच सावलीत असताना मागचे खूर थंड आणि पुढचे दोन्ही गरम लागत होते. खुराच्या वरच्या घोट्यामागे दोन्ही बाजूंना जी बारीक नाडी असते ती निरोगी घोड्यात बोटाला जेमतेम सापडते. इथे ती बोटाखाली ठोके देत होती. जबड्याखालच्या धमनीवर मोजलेले हृदयाचे ठोके अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतरही मिनिटाला ५६ होते, जेव्हा की विश्रांतीतील घोड्याचे ठोके साधारण २८ ते ४४ असतात. तापमान ३८.१ अंश सेल्सिअस, म्हणजे ठीक होते. खुराच्या भिंतीवर आडव्या वळ्या उठल्या होत्या आणि त्या पुढच्या बाजूला जवळजवळ, टाचेकडे एकमेकींपासून दूर गेलेल्या होत्या. म्हणजे त्रास मेअखेरीस सुरू झालेला नव्हता, त्या दिवशी तो फक्त घरच्यांच्या लक्षात आला होता.

खोगिराखाली खांद्याच्या उंचवट्यावर एक जुनी, खपली धरलेली जखमही सापडली. वरातीच्या जड सजवलेल्या खोगिराची ती होती.

दाणा

ही लक्षणे लॅमिनायटिसकडे बोट दाखवत होती. घोड्याच्या खुराची भिंत आतल्या हाडाला शेकडो नाजूक पापुद्र्यांनी जोडलेली असते आणि घोड्याचे सगळे वजन या जोडावर टांगलेले असते. तिथे दाह झाला की जोड ढिला पडतो आणि वेळीच आवरले नाही तर खुरातले हाड फिरते किंवा खाली बसते. दाह होण्याची कारणे अनेक आहेत. त्यांत जास्त पिष्ट (स्टार्च) असलेला खुराक, लठ्ठपणा आणि त्यातून रक्तात वाढलेले इन्सुलिन ही मोठी कारणे आहेत. कठीण रस्त्यावर सतत नाचवणे हेही त्यात भर घालते.

म्हणून मी त्यांना घोडी काय खाते ते दाखवायला सांगितले. आजींनी अभिमानाने दोन गंज पुढे केले. एकात भिजवलेले हरभरे, दुसऱ्यात भरडलेला गहू, आणि वर गुळाचा खडा. हे सकाळी आणि हेच संध्याकाळी. "लेकरावाणी ठेवली तिले," त्या म्हणाल्या, आणि त्यात तसूभर खोटे नव्हते. घरातल्या माणसांच्या आधी घोडीचा गंज भरला जात होता. चाऱ्याला मात्र थोडेसे सोयाबीनचे कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा), कारण दाणा असताना चारा कशाला, असे त्यांना वाटत होते.

आम्ही तिथेच तराजू काढला. एका वेळचा गहू दीड किलो आणि हरभरा कोरडा धरून एक किलो भरला. गव्हात साधारण ६० टक्के आणि हरभऱ्यात साधारण ४० टक्के पिष्ट धरले तर एका वेळेला १३०० ग्रॅम पिष्ट होते. मग टेपने घोडी मोजली. छातीचा घेर १६२ सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १५० सेंटिमीटर. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ११,८८० हे सूत्र वापरले की वजनाचा कामापुरता अंदाज येतो, आणि तो ३३१ किलो आला. हा हिशेब मी मुलीकडून तिच्या वहीत करवून घेतला. एका वेळच्या खाण्यात वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास पिष्ट ही सावध मर्यादा समजली जाते. घोडीला चार ग्रॅमच्या जवळ मिळत होते. घोड्याचे जठर लहान असते आणि लहान आतड्याला जे पिष्ट पचवता येत नाही ते पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, तिथले उपयोगी जिवाणू मरतात आणि विषारी द्रव्ये रक्तात उतरतात. बैलाला ढेप-सरकी चारणाऱ्या घरात ही गोष्ट सहज पटत नाही, कारण बैल रवंथ करतो आणि त्याच्या पोटाची रचनाच वेगळी असते. मुलीच्या आईला मात्र ती वहीतल्या आकड्यावरून लगेच पटली.

वरातीच्या दिवसांत हा दाणा काही प्रमाणात खर्च होत होता. लग्नतिथी संपल्या, काम थांबले आणि गंज तेवढाच राहिला. घोडीच्या मानेवरची चरबी हाताला दगडासारखी लागत होती.

कोणाचे काम कोणते

घोडी लंगडते असे मेच्या शेवटी लक्षात आले तेव्हा गावात जनावरांना सुया टोचणाऱ्या एकाने तिला दोन इंजेक्शने दिली होती. रिकामी बाटली सापडली ती स्टेरॉइडची होती. स्टेरॉइडने तात्पुरते बरे वाटते, पण या आजाराचा धोका त्याने वाढू शकतो, म्हणून पशुवैद्य ते टाळतात. मालकांनी मला विचारले की तुम्हीच एखादी वेदनेची सुई द्या. मी नकार दिला. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार करणे हे नोंदणीकृत पशुवैद्याचे काम आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी वेदनाशामकाचा डोस चुकला तर घोड्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडाला इजा होते. अशा वेळी नाही म्हणणे व्यवसायाला जड जाते, कारण जो सुई देतो तोच जाणकार अशी खेड्यात समजूत आहे.

त्याच रात्री तालुक्याच्या पशुवैद्यांशी फोनवर बोलणे झाले आणि दुसऱ्या दिवशी ते आले. त्यांनी निदान पक्के केले, वेदनाशामक सुरू केले, सर्रा (रक्तातल्या परजीवीमुळे होणारा आजार) नाही ना हे पाहण्यासाठी रक्ताची काच घेतली (ती निर्दोष निघाली) आणि धनुर्वाताची लस दिली, जी घोडीला कधी दिल्याची नोंद नव्हती. एक्स-रेसाठी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावे का, हा प्रश्न निघाला. दुखऱ्या पायांवर तिला शंभरएक किलोमीटर गाडीत उभी नेणे त्यांना योग्य वाटले नाही आणि तो एक्स-रे पुढे ढकलला गेला.

माझ्याकडे निगेचे काम आले. दाणा आणि गूळ त्याच दिवशी बंद केले. कुटारही बंद केले, कारण सोयाबीनचे काडसर कुटार पाणी कमी पिणाऱ्या घोड्याच्या पोटात गच्च बसून पोटशूळ होऊ शकतो. या भागात गवळाऊ गाई राखणारी घरे आहेत आणि त्यांच्याकडे कार्तिकात कापलेले रानगवत गंजी लावून ठेवलेले असते. तिथून पवन्या आणि मारवेल गवत विकत घेतले. त्यातले कुसळ मुलगी आणि तिची आई हाताने निवडत, कारण ते जिभेत आणि हिरड्यांत रुतते. दिवसाला पाच किलो गवत, तासभर पाण्यात भिजवून निथळलेले, चार वेळा विभागून. भिजवल्याने गवतातली विरघळणारी साखर कमी होते. पाणी बादलीने मोजून द्यायचे. जूनच्या उकाड्यात ती दिवसाला चाळीस लिटरच्या आसपास पीत होती. कडुनिंबाखालची घट्ट जमीन सोडून गोठ्याच्या एका कोपऱ्यात वीतभर वाळूचा थर टाकला. ती वाळूत गेली आणि दहा मिनिटांत आडवी झाली. बिचारी किती दिवसांपासून पाय टेकून उभी होती, हे त्या वेळी सगळ्यांना दिसले. पुतण्या बराच वेळ तिच्यापाशी बसून होता.

नालबंद मिळणे हा या भागातला खरा अडसर आहे. गावातले नालबंद बैलाच्या दुभंगलेल्या खुराला दोन पत्र्या मारतात. घोड्याच्या अखंड खुराचे काम वेगळे असते. अमरावतीहून घोड्यांचे नालबंद यायला नऊ दिवस लागले. तोवर पशुवैद्यांच्या सल्ल्याने आम्ही फ्रीजच्या पॅकिंगमधला घट्ट थर्माकोल खुराच्या आकाराचा कापून पुढच्या दोन्ही तळव्यांना चिकटपट्टीने बांधला. घोडीच्या वजनाने तो दाबला जाऊन तळव्याचा साचाच तयार होतो आणि भार खुराच्या कडेवरून मधल्या भागाकडे सरकतो. दाबला की बदलायचा, असे चार वेळा केले. नालबंदांनी नाल काढले, खुराचा पुढे वाढलेला भाग मागे घेतला आणि टाच थोडी कमी केली. पाऊल उचलताना खुराच्या टोकावर पडणारा ताण त्यामुळे कमी झाला.

पैशाचा प्रश्न

शिकवणीचा तासाचा दर या प्रकरणात निरुपयोगी ठरला, आणि माझ्या मते अशा कामात तो सगळीकडेच घातक आहे. तासाला पैसे असतील तर खोगीर कसले तरच मला पैसे मिळतात. घोडीला विश्रांती द्या असे सांगणे म्हणजे स्वतःचे उत्पन्न बंद करणे. पहिल्या दिवशी मी घाईने बसले त्यात या व्यवस्थेचाही वाटा होता. दुसऱ्या भेटीत आम्ही वहीच्या पानावर नवा करार लिहिला. आठवड्यातून दोन भेटी, महिन्याला साडेतीन हजार, घोडीवर कोणी बसो वा न बसो. पशुवैद्याचा आणि नालबंदाचा खर्च मालकाचा. पशुवैद्यांनी लेखी परवानगी देईपर्यंत घोडीवर कोणीही बसणार नाही, आणि बसल्याचे कळले तर मी काम सोडेन.

पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या हातात रोख नसते, त्यामुळे जुलै ते सप्टेंबरचे पैसे सोयाबीन विकल्यावर द्यायचे ठरले आणि ते दिवाळीत मिळाले. मधले तीन महिने मला अवघड गेले, हे लपवत नाही. एकट्याने हे काम करणाऱ्याने वर्षाचा हिशेब पिकाच्या वेळापत्रकाने मांडावा, असे मी आता सगळ्यांना सांगते.

काटेरी कडियाळ पुतण्याने माझ्याकडे दिले. ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत, त्यात काटे असलेले कडियाळ वापरायला मनाई आहे. तापमान ३७ अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ जनावर जुंपू नये, असेही त्यात आहे. विदर्भातल्या मे महिन्यात हा आकडा सकाळीच ओलांडला जातो. त्याला हे नियम माहीत नव्हते आणि कोणी सांगितलेही नव्हते. वराती नेणाऱ्या मुलांना दोष देऊन काही होत नाही, त्यांना शिकवावे लागते.

घोडीवर न बसता स्वारी

मुलीला शिकायचे होते आणि घोडी वाळूत पडून होती. या काळात जे शिकवले ते माझ्या मते तिच्या शिक्षणाचा सर्वांत चांगला भाग ठरला. रोज सकाळ-संध्याकाळ तिने घोट्यामागची नाडी पाहायची, खुरांना हात लावायचा, ठोके मोजायचे आणि वहीत लिहायचे. पहिल्या आठवड्यात तिला नाडी सापडतच नव्हती. ती आपलीच धडधड मोजत होती. तिसऱ्या आठवड्यात तिने फोन केला. "ताई, उजव्या पायात अजून ठोका लागते, डाव्यात नाही." मी जाऊन पाहिले, ते बरोबर होते.

बैठकीसाठी एका रिकाम्या ड्रमवर पोती गुंडाळून तो कडुनिंबाच्या फांदीला चार दोरांनी टांगला आणि त्यावर खोगीर कसले. पुतण्या दोर हलवी आणि ती रिकिबीशिवाय तोल सांभाळत असे. लगामाचा हात शिकवताना लगामाची दोन टोके माझ्या मुठीत असत. ओढ किती हलकी असते हे तिला माझ्या मुठीतून कळत होते. ऑगस्टपासून शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या, शांत घोड्यावर आठवड्याला एक तास ठरवला.

वजनाचा हिशेब तिने स्वतःच केला. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत असावे. तिचे ४६ किलो आणि साध्या खोगिराचे ८ किलो मिळून ५४ होतात, म्हणजे साधारण १६ टक्के. ऐंशी किलोचा नवरदेव आणि वीस किलोची सजावट धरली तर ते ३० टक्क्यांवर जाते. ही बेरीज तिने वडिलांना दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आतापर्यंतची स्थिती

ऑक्टोबरअखेर छातीचा घेर १५४ सेंटिमीटरवर आला, म्हणजे वजन ३०० किलोच्या आसपास. मानेवरची चरबी मऊ झाली. विश्रांतीतील ठोके ३६ ते ४० राहतात. नोव्हेंबरमध्ये तिला नागपूरला नेले. उजव्या पुढच्या खुरातले हाड किंचित फिरलेले दिसले, डावे जागेवर होते. पशुवैद्यांनी मऊ जमिनीवर चालीपुरती स्वारी सुरू करायला लेखी परवानगी दिली. दुडकी अजून नाही, डांबरी रस्ता अजिबात नाही. या लग्नसराईच्या तीन सुपाऱ्या मालकांनी परत केल्या. घोडीचा खर्च आता शेतीतूनच जातो आणि तो त्यांना जड जातो. गुढीपाडव्यानंतर घोडी ठेवायची की कसे, हे त्यांनी अजून ठरवलेले नाही. मी त्यावर मत दिलेले नाही, फक्त वराती करणाऱ्याला ती विकू नये एवढे मागितले आहे.

घोड्याचा खूर महिन्याला एक सेंटिमीटरच्या आत-बाहेर वाढतो, त्यामुळे जूननंतर वाढलेली नवी, गुळगुळीत भिंत जुन्या वळ्यांना खाली ढकलत येते. मुलीने दर महिन्याच्या एक तारखेला खुराचा फोटो काढून शेजारी पट्टी ठेवली आहे. जानेवारीच्या फोटोत शेवटची वळी जमिनीपासून दोन सेंटिमीटरवर आहे. वेचणी झालेल्या कपाशीच्या वावरात, भुसभुशीत मातीवर, ती आठवड्यातून तीन दिवस वीस मिनिटे घोडी चालवते. बसण्याआधी ती खाली वाकून दोन्ही घोट्यांना बोटे लावते, थांबते, आणि मगच खोगिराचा तंग कसते.